पुढे पळणारं घड्याळ

ओदिलनं दुरुस्त केलेलं घड्याळ तिसऱ्यांदा पुढे पळत परत आलं. “म्हातारे, आता मालक तुला घरी बसवणार,” शेजारच्या टेबलावरचा ऑरेल खिदळला. “थोबाड आवर, होकायंत्र दे,” ती खेकसली. आतल्या स्प्रिंगला चुंबक बाधलं की वेढे चिकटतात आणि घड्याळ उधळतं, हे घड्याळजींच्या या जुरा डोंगरातलं शेंबडं पोरही सांगेल. पण चुंबक लपलंय कुठे? तिनं होकायंत्र दिव्याखाली धरलं, चिमट्यांवरून फिरवलं; सुई उत्तर दिशा सोडेना. घड्याळ आणखी जातं कुठे? कानाशी! इथले जुने कारागीर टिकटिक ऐकूनच घड्याळ पास करतात. तिनं होकायंत्र कानापाशी नेलं. “सुई वळली गं!” ऑरेल किंचाळला. बहिऱ्या कारागिराला कोण ठेवतं, म्हणून केसांआड दडवलेलं श्रवणयंत्र तिनं उपटून टेबलावर आपटलं. ऑरेलचे ओठ हलले. “मोठ्यानं बोल, गाढवा,” ती हसली, “मला ऐकू येत नाही!”