जमिनीखालचं पाणी दिसू लागलं तेव्हा

ग्रामपंचायतीच्या भिंतीवर नवा पडदा कालच लागला होता. गावाच्या जमिनीखालचं पाणी आता त्यावर निळं, हलतं दिसत होतं. सकाळी द्वारकाबाईंनी फोनवरूनच आपल्या मोसंबीच्या बागेतली मोटार चालू केली आणि त्या पडद्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. पाणी त्यांच्या बोअरकडे ओढलं जात होतं, थेट खालच्या तांड्याच्या हापशाखालून. तिथला निळा रंग बघता बघता फिका पडला.

तांड्यावरचा सोमला राठोड शेजारीच उभा होता. "हापसा दर उन्हाळ्यात का आटतो, ते आज कळलं," तो म्हणाला. "तुमचा दोष नाही बाई. कुणाला दिसतच नव्हतं."

"आता दिसलं ना," द्वारकाबाई म्हणाल्या आणि त्यांनी मोटार बंद केली.

मोटार बंद केल्याचं कळून संध्याकाळी शहरातून मुलाचा फोन आला. "आई, फळं धरलीत! बाग जाईल!"

"अर्धी जाईल. उरलेली रोज तासभराच्या पाण्यावर जगवीन."

महिन्याभरात दीडशे झाडं वाळली. शेवटचं झाड वाळलं त्या दिवशी द्वारकाबाई जेवल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी मात्र पावसाचं पाणी मुरावं म्हणून त्या एकट्याच तांड्याच्या वरच्या उतारावर चर खणायला गेल्या. त्यांचं वय अडुसष्ट होतं. दुपारपर्यंत जेमतेम हातभर चर झाला.

तिसऱ्या दिवशी त्या पोचल्या, तर उतारावर तांड्यावरची चाळीस माणसं कुदळी घेऊन उभी होती. कुणी बोलावलं नव्हतं.

सोमला पुढे आला. "बाई, तुम्ही सावलीत बसा. फक्त कुठून खणायचं, तेवढं दाखवा."