फोटोपुढचा दिवा

जवळ सरकून बसा, मंडळी. गोष्ट एवढीशीच आहे, पण मन इथे असू द्या.

"फोटोपुढचा दिवा पुन्हा विझला गं," तळघराचा जिना चढत आई म्हणाली. "तिसऱ्यांदा. तुझे बाबा रुसलेत बघ माझ्यावर."

"वात ओली असेल," लेक म्हणाली. मान कागदांतच होती. गावाला लागून जुनी बंद खाण होती. तिच्या अलीकडच्या, कुणी हात न लावलेल्या कोळशातून जळाऊ वायू काढायचा आणि त्याच्या जागी कारखान्यांचा कार्बन वायू कायमचा कोंडायचा, हे तिचं सहा वर्षांचं संशोधन. महिनाभर चाचणी चालू होती. कितीही वायू ढकलला तरी आतला दाब चढत नव्हता. "कोळसा घटाघटा पितोय!" साहेब खूश होते. थर अखंड आहे, असं लिहून तिने अकरा वाजता सही केली की मोठे पंप सुरू होणार होते. खाणीचा नकाशाही तेच सांगत होता.

"वात कोरडी ठणठणीत आहे. एवढी शिकलीस, आईचा साधा दिवा टिकवता येईना! आणि हल्ली खाली बसलं की डोकं जड होतं माझं. तरी बसते. तिथेच भेटायचे ना ते."

"कोण?"

"तुझे बाबा. खाणीतली पाळी संपताना तळघराच्या जमिनीखालून तीन ठोके द्यायचे. मी वरून बत्ता आपटायचे." या वयात आई लाजली. "मुकादम चोरून इथवर कोळसा खोदून घ्यायचा त्यांच्याकडून. कुठे बोलू नकोस म्हणाले होते, म्हणून नाही बोलले."

लेकीच्या हातातलं पेन थांबलं. पिशवीतलं वायू मोजायचं यंत्र तिने दोरीला बांधलं आणि जिन्यावरूनच तळघरात सोडलं. जमिनीजवळ पोचताच ते किंचाळायला लागलं.

"आई, बाहेर हो! शेजारच्यांनाही बाहेर काढ!" धावता धावताच तिने फोन लावला. "साहेब, झडप बंद करा. कोळसा पीत नाहीये. खाली बोगदा आहे, पार आमच्या घरापर्यंत. त्यातून तुमचा वायू वर येऊन आईचा दिवा विझवतोय."

"अहो, नकाशात तर काहीच नाही!"

"नकाशात माझे बाबा नाहीत, साहेब."

झडप बंद झाली. सहा वर्षं पाण्यात गेली. रस्त्यावर अख्खी आळी उभी होती, कुणी पोरांना कडेवर घेऊन, कुणी अनवाणी. आईने लेकीचा हात घट्ट धरला.

"म्हणजे ते रुसले नव्हते?"

"नाही गं. ठोके देत होते."

मंडळी, सांजेला दिवा लावाल तेव्हा त्या खाणकामगाराची क्षणभर आठवण काढा. नकाशात त्याला जागा मिळाली नाही, तुमच्याजवळ तरी मिळू द्या.