चांदीची किटली

कापसाला सोन्याचा भाव आला होता तेव्हाची ही गोष्ट. कापूस घ्यायला गोरा साहेब येणार, म्हणून अकोटच्या भगवंतरावांनी मुंबईहून चांदीची किटली आणवली. साहेब कपातून चहा प्यायला. भगवंतरावांनी मात्र, भांडं उष्टं नको म्हणून, पाण्यासारखी वरून थेट घशात किटलीतूनच चहाची धार सोडली.

तेवढ्यात साहेबानं भाव सांगितला. भगवंतरावांना तो पसंत होता, पण पोळलेल्या जिभेतून 'हो' निघेना आणि डोळ्यांचं पाणी खळेना. भाव ऐकून माणूस रडायलाच लागला, असं समजून साहेब बिचारा वाढवत वाढवत दुपटीवर गेला.

साहेबाची पाठ वळताच भगवंतरावांच्या पत्नी पार्वताबाई दाराआडून म्हणाल्या, "अवो, उद्या दुसरा सायेब येऊन राह्यला नं? चाय अजून जराशी उकळू देऊ काय?"