वाळवीचं कपाट

"दुकानात आता काय राम उरलाय!" थोरल्याने नाक मुरडलं. "भिंतींना ओल, शटर अर्ध्यावर अडतं."

"आणि मागचं घर?" धाकटी म्हणाली. "फुकट दिलं तरी कुणी घेऊ नये."

आई गालातल्या गालात हसली. पोरं तयार झाली होती हो! जुन्या फर्निचरच्या बाजारात तिला सगळे कोल्हीणबाई म्हणायचे. नवरा गेल्यावर तिने दोन नियमांवर धंदा केला आणि पोरांनाही तेच शिकवले. वस्तू हवी असेल तर तिला नावं ठेवायची. गळ्यात मारायची असेल तर तिचे गोडवे गायचे. अस्सल सागवानी टेबल तिने "जळणालाही नको" म्हणत पदरात पाडलं होतं. वाळवी लागलेलं कपाट "असं लाकूड आता मिळतंय कुठे!" म्हणत एका नव्या जोडप्याला खपवलं होतं. लोक मागून बोटं मोडायचे. मोडू देत. पोरं एक दिवस उपाशी झोपली नाहीत.

आता गुडघ्यांनी दगा दिला होता, म्हणून आज वाटणी. नाही नाही म्हणत थोरल्याने दुकान घेतलं, धाकटीने घर.

राहिली आई. तिने सकाळीच पिशवी भरून ठेवली होती. दोघं तिच्यासाठी भांडणार, मग एकाची समजूत कशी घालायची, हेसुद्धा तिने मनात घोळवून ठेवलं होतं.

"दादा, आई तुझ्याकडेच शोभते," धाकटी म्हणाली. "किती शांत! कुणाला म्हणून त्रास नाही."

"छे, छे! तुझ्याकडेच. तिच्या हाताला काय चव आहे! शिवाय तुझ्या मुलांना वळण लागेल."

"वळण तर तुझ्या मुलांनाही लागेल. आणि तिचं खाणं ते केवढं, चिमणीएवढं!"

"अगं, असं माणूस घरात असायला भाग्य लागतं. आता अशी माणसं मिळतात कुठे!"

आईचं हसू विरलं. हा सूर तिच्या चांगला ओळखीचा होता. ज्या पोरांसाठी तिने अख्ख्या गावाला टोप्या घातल्या, ती आज तिच्यासमोर बसून तिचीच विक्री करत होती. तिने पायाशी ठेवलेली पिशवी हळूच खुर्चीखाली सरकवली.

"पुरे रे कौतुक," ती म्हणाली. "तुमच्यापैकी कुणीतरी मला नावं ठेवा."