आधी बॅकअप

ऑफिसातल्या कॉम्प्युटरवाल्या दादांच्या तोंडी एकच मंत्र असायचा, "आधी बॅकअप, मग हात." लोक पाठीमागे त्यांना बॅकअपदादाच म्हणत.

कुणीतरी घरच्या पेन ड्राइव्हमधून व्हायरस आणला, तेव्हा वैतागून दादांनी अकाउंट्सच्या बाईंच्या कॉम्प्युटरवर पेन ड्राइव्ह चालणंच बंद करायचं ठरवलं. त्यासाठी रजिस्ट्रीत, म्हणजे थेट मशीनच्या काळजात हात घालायचा होता. सगळ्यांना भोवती जमवून त्यांनी आधी तिचा बॅकअप घेतला, खिशात टाकला आणि मगच ते सेटिंग बदललं. हात लागलाच आहे तर म्हणून आणखी दोन-चार बदलली.

कॉम्प्युटर पुन्हा सुरू झाला, पण प्रिंटरने मान टाकली. पगाराच्या स्लिपा आजच निघायच्या होत्या. बाईंचा चेहरा उतरला.

"घाबरता कशाला? यासाठीच तर मी रोज घसा कोरडा करतो," दादा ऐटीत म्हणाले. "काय काय बदललं ते लक्षातसुद्धा ठेवत नाही मी. जुनं सगळं इथे आहे."

खिशातून पेन ड्राइव्ह काढून त्यांनी कॉम्प्युटरला लावला. स्क्रीनवर काहीच हललं नाही. काढून, फुंकर मारून पुन्हा लावला.


"बाई," दादा हळूच म्हणाले, "बंदी मात्र चोख बसलीय."