अकरा पानांची म्हैस

"पावणं, कुणाला सांगितलं तर खरं वाटणार न्हाय," हंबीरराव मास्तर म्हणाले, "पण गावाला हा जनावरांचा दवाखाना मिळाला तो माझ्या एका पत्रावर. मोर्चा न्हाय, वशिला न्हाय. नुसती इंग्रजी."

कलेक्टरसाहेबांचा ड्रायव्हर गुंडू सोप्यात मांडी घालून बसला होता. मांडीवर कापडी पिशवी, पिशवीवर दोन्ही हात. मास्तरांनी ती पिशवी दारातच हेरली होती. फेटा. दुसरं काय असणार?

शाहूवाडीच्या त्या कोपऱ्यात मास्तरांनी बत्तीस वर्षं इंग्रजी शिकवली. निवृत्त झाले त्या दिवशी हेडमास्तर रजेवर होते, त्यामुळं हारही राहून गेला. आज मात्र तासाभरात दवाखान्याचं उद्घाटन होतं, आणि काल सरपंच सांगून गेले होते, "मास्तर, साहेबांचा निरोप हाय. सत्कार तुमच्याच घरात जाणार." मास्तर उजाडायच्या आत दाढी करून तयार होते. फोटोत डोळे नीट यावेत म्हणून चष्मासुद्धा काढून खिशात घातला होता.

एवढंच जरा खटकलं होतं, की गुंडूनं दारात येऊन विचारलं, "अंबूबाईंचं घर हेच न्हवं?"

"हेच. हंबीररावांचं पण हेच," मास्तर म्हणाले होते. वाटेत कुणा बाईला पत्ता विचारला असेल, असं म्हणून त्यांनी ते सोडून दिलं.

"पत्रात एवढं काय लिवलंत?" गुंडूनं विचारलं.

मास्तर ह्याच प्रश्नाची वाट बघत होते.

"वाचणाऱ्याच्या काळजात घुसायचं शास्त्र असतंय. अकरा पानं लिवली मी. पयली युक्ती, प्रश्न टाकायचा, पण उत्तर मागायचं न्हाय. 'इज अ बफेलो नॉट अ मदर, सर?' म्हैस ही आई न्हवं का? आता ह्याला कुठला साहेब न्हाय म्हणील?"

"कसं म्हणतील."

"दुसरी, तीनदा ठोकायचं. 'वुई वेटेड, वुई वेप्ट, वुई वेटेड अगेन.' हलगी वाजल्यागत वाटतंय की न्हाय?"

"वाटतंय. आणि तिसरी?"

"तिसरी, ताणायचं. खरं सांगायचं तर आमची एकच म्हैस अडली, चंद्री. डॉक्टर यायच्या आत रेडकू गेलं. मी तीनशे म्हशी लिवल्या."

"गावात हायत किती?"

"असतील साठ-सत्तर. इंग्रजीत चालतंय ते."

आतून अंबूबाई आल्या. बशा सगळ्या मांडवात गेल्या होत्या, म्हणून शेंगदाण्याचे दोन लाडू त्यांनी घडीच्या कागदावर ठेवून आणले होते.

"अवो, किती बोलतासा. पावण्यांस्नी खाऊ द्या की."

"हीच मलकापूरच्या बाजाराला गेलती, तवा हिच्याकडंच दिलतं टाकायला," मास्तर गुंडूला म्हणाले. "शाळा चौथीपतोर. पण काम चोख. टाकलंस न्हवं गं पत्र?"

"टाकलं की," अंबूबाई म्हणाल्या. "मी आवरून येते. वेळ झाला." आणि आत गेल्या.

"बघा, माझा सत्कार, आणि नटणार ती." मास्तर हसले. मग आवाज खाली आणून पुढं सरकले. ह्यापुढचा भाग त्यांच्या गोष्टीत गेल्या महिन्यापर्यंत नव्हता. गावात सांगता सांगता तो उगवला होता आणि आता चांगला पोसला होता. "पत्र पोचलं त्याच दिवशी साहेबांचा मला फोन. बोलवंना त्यांच्यानं. हुंदका. म्हणाले, मास्तर, असली इंग्रजी आम्ही कालिजात वाचलीती, परत आजच. मीच समजूत घातली. म्हटलं, साहेब, डोळं पुसा आणि दवाखाना द्या."

"रडलं साहेब?"

"ढसाढसा."

गुंडूनं पहिला लाडू संपवला. कागद थोडा आपल्याकडं ओढला. मास्तर रंगात आले होते. त्यांनी डोळे मिटून हात वर केला, वर्गात करायचे तसा.

"आणि शेवट ऐका. 'टुडे द बफेलो इज सायलेंट, सर. टुमारो...'"

"'टुमारो द होल व्हिलेज विल बी सायलेंट,'" गुंडू अडखळत, एकेका शब्दावर थांबत म्हणाला.

मास्तरांनी डोळे उघडले. "पाठ हाय तुम्हांस्नी! म्हंजे साहेब गाडीतसुद्धा वाचत असणार."

"न्हाय मास्तर." गुंडूनं दुसरा लाडू उचलून हातात धरला आणि खालचा कागद मास्तरांच्या डोळ्यांजवळ नेला. "हे हितं लिवलंय. निळ्या शाईनं."

मास्तर खिशात चष्मा चाचपू लागले.

"आमचं साहेब केरळचं," गुंडू म्हणाला. "इंग्रजी पत्रं त्यांची ते वाचत्यात. मराठी आलं की मला वाचून दाखवाय लागतंय. ह्या गावातनं एकच पत्र आलतं, ते मी वाचलंय. चार ओळी. 'म्हैस अडली. डॉक्टर अठरा किलोमीटरवर. रेडकू गेलं. म्हैस अजून त्याची जागा हुंगतीया.' साहेबांनी तीनदा वाचाय लावलं. रडलं न्हाईत. फोन तर कुणालाच केला न्हाय."

आतलं दार वाजलं. अंबूबाई पदर सारखा करत उंबऱ्यात येऊन उभ्या राहिल्या. गुंडू उठला, त्यानं पिशवीची गाठ सोडली. आत हिरवं इरकली लुगडं होतं. ते त्यानं अंबूबाईंच्या हातात दिलं आणि मास्तरांकडं वळला.

"आणि खाली सही ह्यांची हुती."