कण्हण्याची शिकवणी

दवाखान्यातून घरी आल्या आल्या ऋजुता चहा टाकायला उभी राहिली. जखम भरेपर्यंत तेवढीच जागा बधिर ठेवणारे नवे टाके बाजारात आल्यापासून सिझेरियन झालेल्या बायकांचं दुखणं थांबलं होतं, आणि घरच्यांनी त्यांना पडू देणंही.

"आधी आडवी हो!" सासूबाईंनी गाळणं हिसकावलं. "आत जखम ओली आहे अजून."

"पण आई, खरंच दुखत नाही हो."

"ते माझ्या नणंदबाईंना कशाला कळायला हवं? हॉलमध्ये बसल्यात. कण्ह बघू."

ऋजुता कण्हली.

"ही तर शिंक झाली गं!" म्हणत सासूबाई स्वतःच अशा काही कण्हल्या, की हॉलमधून आवाज आला, "पडून राहा गं पोरी, चहा मी टाकते!"

दोघी तोंड दाबून हसल्या. ऋजुता अगदी बिनधास्त, पोट न धरता. सासूबाईंचा हात मात्र सवयीने स्वतःच्या पोटावरच्या जुन्या टाक्यांवर गेला.